मागे घेता येणारी गाडी

बायको जनावरांची डॉक्टर असली की घरातला फोन कोणासाठी वाजतोय हे विचारावं लागत नाही. माझं गडचिरोलीत कापडाचं दुकान आहे, आणि सदऱ्याच्या कापडासाठी आजवर कुणी मला भर पावसात उठवलेलं नाही. तिला मात्र धानोऱ्याच्या आतल्या गावांतून बोलावणं येतं, गाय अडली आहे, लवकर या. पूर्वी ती लगेच दुचाकी काढायची.

दुचाकीचा एक फायदा होता. नाल्याला पाणी आलं की ती थांबायची. अलीकडच्या टपरीवर चहा पीत बसायची, पाणी उतरलं की पुढे जायची, आणि उशीर झाल्याचा सगळा राग घरी येऊन माझ्यावर काढायची. मला तो राग चालत होता.

मग तिने चारही चाकांना जोर असलेली गाडी घ्यायचं ठरवलं. माझा शहाणपणा असा, की मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ तिला मीच दाखवले. एकात गाडी नदीत शिरते, बॉनेटवरून पाणी वाहतं, आणि ती दिमाखात पलीकडे निघते. तिने तो लागोपाठ दोनदा पाहिला. असली गाडी हाताशी आल्यावर ही बाई नाल्याला कशाला थांबेल?

हे तोंडाने बोलायची सोय नव्हती. 'मले शिकवू नका' हे उत्तर ठरलेलं. म्हणून मी फाटे फोडत बसलो. सर्व्हिस सेंटर लांब आहे, नवीन मॉडेल येणार म्हणतात, आता तर पितृपक्ष लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी पितृपक्ष इतक्या श्रद्धेने पाळला. पण तोही संपला, आणि दसऱ्याच्या आधी ती मला चंद्रपूरच्या शोरूममध्ये घेऊन गेली.

पहिली गाडी मला बघताक्षणी आवडली. उंच, रुबाबदार, मागच्या दारावर जाडजूड स्टेपनी. शोरूमचा माणूस आम्हाला शहराबाहेर धानाच्या बांध्यांमधल्या पांदणीवर, शेतातल्या अरुंद वाटेवर, घेऊन गेला. तिथला चिखल दाखवून म्हणाला, "मॅडम, पाण्याचं तर टेन्शनच नाई घ्याचं. नाला असो का नदी, बिनधास्त टाका."

मी मागच्या सीटवरून त्याच्या मानेकडे बघत होतो. आवळावीशी वाटत होती.

"ते राहू द्या भाऊ," स्टिअरिंगवर बसत बायको म्हणाली. "मले हे गाडी मागं घेऊन पाह्यची हाये. इथून डांबरी रस्त्यापर्यंत."

तिने मान वळवली, रिव्हर्स टाकला आणि थोडं जाऊन थांबली. "स्टेपनीनं अर्धा रस्ता झाकला. काही दिसूनच नाई राह्यलं."

"कॅमेरा हाये ना मॅडम."

"अन् त्याच्यावर चिखल बसला तर?"

माझी आवडती गाडी बाद झाली. दुसरी दिसायला अगदीच साधी होती, स्टेपनी पोटाखाली. बायकोने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि गाडी मागे सोडली. दोन्हीकडे बांध, मध्ये जेमतेम वाट. मागची चाकं चिखलात गरगरली, पण गाडी अडली नाही. शोरूमचा माणूस रडवेला झाला. "मॅडम, समोर पण चालवून पाहा ना!"

"समोर तर सगळ्याच गाड्या जातेत, भाऊ." आणि मी तिथे नाहीच अशा थाटात ती त्याला सांगू लागली. "मागच्या पावसाळ्यात गाईवाल्यानं जीप पाठवली होती. निम्म्या नाल्यात गेलो अन् पाणी वाढलं. डायवरले मागं घेताच येईना. गाववाल्यांनी दोर लावून ओढलं आमाले."

मला हे ती कधी बोलली नव्हती. मला संतापच आला. "मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर आज इथी आले असते तुम्ही?"

नसतो आलो.

"अन् गाय?"

"मेली," ती म्हणाली, आणि उगाच आरसा नीट करत बसली.

मग इतके दिवस दाबून ठेवलेलं माझ्या तोंडून निघालंच. "म्हणजे पाणी दिसलं तर तू परत येशील?"

"मंग? मीच वाहून गेली तर दुसऱ्या गाईले कोण पाहील?"

माझा जीव भांड्यात पडला. इतका, की डोळे भरून आले. शोरूमच्या माणसाला कळू नये म्हणून मी बाहेरचं धान बघत बसलो. माझ्यापेक्षा जास्त भीती ही आधीच घेऊन बसली होती, आणि मी मूर्खासारखा पितृपक्ष पाळत होतो.

"घ्याची ना मग हेच?" तिने विचारलं.

"घेऊ," मी म्हटलं. "पण आणखी एकदा मागं घेऊन दाखव."