फेरेट रुळेपर्यंत

मंदीच्या त्या उन्हाळ्यात शारजातली आमची बिल्डिंग हळूहळू रिकामी होत होती. लिफ्टपाशी कधी कुणाची गादी, कधी कुणाच्या मुलांची सायकल टाकून दिलेली दिसायची. नवरा एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर होता, कामांच्या खर्चाचे अंदाज काढायचा. दुबईत देऱ्यातल्या त्यांच्या ऑफिसात गुरुवारी, आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी एचआरनं बोलावलं की समजायचं, खलास. म्हणून गुरुवार उजाडला की मी फोन हातातून खाली ठेवत नसे.

अशा दिवसांत घरात जनावर आणायचं कुणाला सुचेल? पण माणसं घाईघाईनं देश सोडत होती आणि त्यांनी पाळलेले प्राणी मागे राहत होते. आमच्या मुलीच्या मैत्रिणीची आई, एक स्कॉटिश बाई, अशा प्राण्यांसाठी घरं शोधायची. एका बंद फ्लॅटच्या बाल्कनीत तिला पिंजऱ्यात एक फेरेट सापडलं होतं, तिच्याकडे घरात पाळतात तो मांजराहून लहान, लांबट प्राणी. मादी होती. शेजारच्यांनी कठड्यावरून पाणी दिलं म्हणून वाचली. मुलीनं फोटो पाहिला आणि घरात दुसरा विषयच उरला नाही.

ती बाई आधी आमचं घर बघायला आली. सरळ जमिनीवर बसली, फ्रीजमागे, वॉशिंग मशीनखाली हात घालून बघितलं. "इथून ती जाणार. हे बंद करा, तेही बंद करा." मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "आणि उद्या तुम्हालाच जावं लागलं तर?"

मी म्हटलं, "इन्शाल्ला, तशी वेळ येणार नाही."

"इन्शाल्ला नको. हो की नाही, ते सांगा."

माझ्या मागून नवरा म्हणाला, "बरोबर नेऊ."

मी वळून बघितलं. कित्येक महिन्यांत हा माणूस कशाबद्दलही इतकं ठाम बोलला नव्हता.

फेरेट घरी आली ती अंगावरचे केस विरळ झालेली, डोळ्यांभोवती काळा पट्टा, लांबुडकी. पिंजऱ्याचं दार उघडताच तिनं माझ्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला, आणि मी हात झटकेपर्यंत सोफ्याखालचं कापड फाडून आत शिरली. ती बाहेर येईना. मांजरीच्या पिल्लांचं खाणं ठेवलं, उकडलेलं चिकन ठेवलं, वाटी जशीच्या तशी. फेरेटला फार वेळ उपाशी राहून चालत नाही, असं त्या बाईनं बजावलं होतं. सोफ्यावर बसायची सोय नव्हती, ती खाली दबली तर? आम्ही तिघं जमिनीवर बसून जेवायला लागलो.

ठाण्याहून सासूबाईंचा फोन आला. "मुंगूस पाळलंय म्हणे?"

"मुंगूस नाही हो आई, फेरेट."

"दिसतं तर मुंगसासारखंच ना? मग चांगलंच आहे. मुंगसाचं तोंड दिसलं की काम होतं." तेव्हापासून ती मुंगूसबाई झाली. पण तोंड काही दिसत नव्हतं.

एकदा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. मला वाटलं फोनवर बोलतोय. डोकावले तर हा ऑफिसच्या कपड्यांतच सोफ्याजवळ पालथा पडलेला, हातात चिकनचा तुकडा. "आज माझ्या शेजारच्या टेबलावरच्याला काढलं गं," तो सोफ्याखालच्या अंधाराला सांगत होता. "दोन लहान पोरं आहेत त्याला. गाडी एअरपोर्टवरच सोडून जाणार म्हणतो. आता आमच्या रांगेत मी एकटाच उरलोय. तू खाऊन घे बाई, तुझं तरी काहीतरी नीट होऊ दे."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. विचारलं की "ठीक आहे" एवढंच उत्तर मिळायचं. मी तशीच मागे फिरले आणि तव्यावरची पोळी करपेपर्यंत उभी राहिले. त्या दिवशी तिनं तुकडा घेतला. त्याच्या बोटांना दात न लावता.

मग ती थोडं थोडं खायला लागली, मुलीच्या जुन्या स्वेटरमध्ये झोपायला लागली. पण काळजी संपली नाही. एका सकाळी मुलीची किंकाळी ऐकू आली. "मम्मा, शी इज डेड!" मुलीच्या हातात मुंगूसबाई ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. हलवलं, हाका मारल्या, काही नाही. मी त्या स्कॉटिश बाईला फोन लावला. ती म्हणाली, "नाकाला माशाचं तेल लावून बघा." लावलं. जरा वेळानं जीभ हलली, मग मोठी जांभई आली. फेरेटं अशीच मेल्यासारखी झोपतात म्हणे. मुलगी हसायला लागली, मी मात्र तिथेच बसून रडले.

खरी परीक्षा पुढे होती. भर दुपारी बिल्डिंगचा एसी बंद पडला. मालकाचा माणूस "अभी आता है" म्हणत राहिला आणि भिंती तापत गेल्या. या प्राण्याला उकाडा सोसत नाही. ती फरशीवर चपटी पडून तोंडानं धापा टाकायला लागली. मी तिला ओल्या टॉवेलात घेतलं, मुलीला हाक मारली आणि आम्ही गाडीत जाऊन बसलो. एसी पूर्ण सोडला आणि निघाले. औद्योगिक क्षेत्रातल्या गॅरेजांच्या रस्त्यांवरून नुसती गोल गोल फिरत राहिले, कारण उभ्या गाडीत एसी कमी पडेल अशी भीती वाटत होती.

तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याचा नंबर. गुरुवार होता. मी गाडी कडेला घेतली, पण बटण दाबायला बोट उचलेना. मुलगी म्हणाली, "मम्मा, पिक इट अप."

"हॅलो, झालं का काही?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? अगं, तिनं सकाळचं खाल्लं का, तेवढं विचारायचं होतं."

मला हसू की रडू कळेना. मागच्या सीटवर मुलीच्या मांडीवर मुंगूसबाईचा श्वास संथ झाला होता. मुलीच्या बोटांवरचं पाणी ती चाटत होती.

नवऱ्याची नोकरी गेलीच, पण रमजान उलटल्यावर, आणि तोवर तो माझ्याशी बोलायला लागला होता. त्या संध्याकाळी दारातच म्हणाला, "आज माझा नंबर लागला." मग आम्ही तिघं बसून पुढचं बोललो. पलीकडच्या उम्म अल कुवैन या लहानशा अमिरातीतल्या एका कारखान्यात त्याला काम मिळालं, पगार कमी, घर मात्र जुनं आणि ऐसपैस, खाडीजवळ. सामान हलवताना मला पुन्हा धास्ती, आता ही परत खाणं सोडते की काय! म्हणून तिचा स्वेटर न धुता आणला होता.

स्वेटरकडे तिनं बघितलंही नाही. बांधलेल्या खोक्यांमधून पाठीची कमान करून उड्या मारत, बारीक क्लक क्लक आवाज काढत सगळं घर हुंगून आली. मग नवऱ्याचा एक मोजा पळवून गॅसच्या सिलिंडरमागे नेऊन ठेवला. तो शोधत होता. मी सांगितलं नाही.