चाकावरच्या खुणा

ॲल्युमिनियमचा खांब वरच्या विजेच्या तारेला लागला आणि माझा नवरा त्याला चिकटला. माझ्या हातात काथ्याचा दोर होता, म्हणून मला काही झालं नाही. साहेब तंबूच्या दारात घड्याळ बघत उभा होता. वाऱ्यानं पाडलेला खांब आम्ही दोघं पुन्हा उभा करत होतो. दोनच मिनिटांपूर्वी मी म्हणाले होते, "साहेब, वर तार हाये. इकडून उचलू."

"तार मलाही दिसते, बाई. जल्दी करा. उपग्रह काय तुमची वाट बघत थांबणार आहे?"

बदनापूरजवळच्या माळावर हे काम चालायचं. सूर्याचा अभ्यास करणारा एक उपग्रह रोज दुपारी डोक्यावरून जायचा. खांबाच्या टोकाची एरियल त्याच्याकडे वळवलेली असली की त्याचा आवाज तंबूतल्या यंत्रात यायचा, आणि यंत्राची लेखणी कागदावर वेडीवाकडी रेघ काढायची. खांब बैलगाडीच्या आडव्या चाकावर बसवलेला होता. चाकाच्या कडेला मी चुन्यानं खुणा केल्या होत्या, समोर जमिनीत एक खुंटी होती. साहेब कोणत्या खुणेपासून सुरू करायचं ते सांगून आत बसायचा आणि घड्याळ बघून शिट्टी मारायचा. एक शिट्टी, एक खूण: मी चाक फिरवून पुढची खूण खुंटीसमोर आणायचे. चाकाला त्यानं कधी हात लावला नाही. त्याचे हात खराब झाले असते.

पंचनाम्यात साहेबानं सांगितलं, मजूर दारू प्यायला होता.

माझ्या नवऱ्यानं बौद्ध धर्म घेतला त्या दिवशी दारू सोडली होती. हे मी हवालदाराला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, साहेब शिकलेला माणूस हाये."

मी आठव्या दिवशी कामावर गेले. साहेबाला बरंच वाटलं. नवी बाई शिकवायचा त्रास वाचला. खांब आता तारेपासून लांब उभा केला होता. साहेब जेवायला गेला तेव्हा मी सगळ्या खुणा ओल्या फडक्यानं पुसल्या आणि वीतभर सरकवून पुन्हा केल्या.

उपग्रहाचा आवाज येईना, लेखणीची रेघ सरळ येऊ लागली. साहेबानं यंत्राच्या तारा बदलल्या, जालन्याहून मेकॅनिक आणला, यंत्र खोलून पुन्हा बसवलं. रोज बाहेर येऊन विचारायचा, "खूण बरोबर आहे ना?"

"बराबर हाये, साहेब. बघा की."

तो लांबूनच बघायचा. खूण खुंटीसमोर असायची.

महिन्यानं मोठा साहेब आला. सरळ रेघांचे कागद त्यानं टेबलावर आपटले. "महिनाभर काय झोपा काढल्या?" आमचा साहेब मान खाली घालून उभा होता. ती मान मी पोटभर पाहिली. तंबू उठला, साहेबाचं काम काढून घेतलं.

तो जीपमध्ये बसला तेव्हा मी जवळ गेले. "खुणा मी सरकवल्या होत्या. जा, सांग. म्हणावं, दारुड्याच्या बायकोनं केलं."

पण तो कुणाला बोलला नाही. बोलला असता, तर महिनाभर चाकाजवळ गेलो नाही हेही सांगावं लागलं असतं. पंचनामा मात्र आहे तसाच राहिला, तो मला बदलता आला नाही. म्हणून इथं लिहिते: माझा नवरा प्यायलेला नव्हता. खांब उचलताना माळावर आम्ही तिघं होतो. तो मेला. साहेब जगला आणि मी जगले.