साहेबांचा जिमी आणि गायत्याच्या भावाचा दगड

“डॉक्टर, याला मूत्राशयाचा आजार आहे. आत्ताच्या आत्ता तपासा!”

साहेब जंगलाच्या वाटेवर दोरी धरून उभे होते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा जिमी. पांढरा, कानावर तपकिरी ठिपका, जातीचा फॉक्स टेरियर. तो एका येनाच्या झाडाच्या बुंध्यापाशी एक टांग वर करून उभा होता. आधी मोहाच्या झाडापाशी तेच झालं होतं, त्याआधी वारुळापाशी, त्याआधी आमच्याच बैलगाडीच्या चाकापाशी. गाडी पुढे थांबून राहिली होती आणि गाडीतल्या पेटीत भुशात गुंडाळलेला बर्फ वितळत होता. माझं डोकं तापलं होतं, पण साहेब म्हणजे साहेब.

मी गुरांचा डॉक्टर. मूळचा सिंदेवाहीकडचा, धानाच्या बांध्यांत वाढलेला. आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. राज्य बदललं तसे आमच्या ब्लॉकला पुण्याकडचे नवे बी.डी.ओ. आले. सबनीस साहेब. एकटे राहायचे, शिस्तीचे होते आणि जिमीवर त्यांचा भारी जीव. दौऱ्यावरही तो बरोबर पाहिजेच.

आरमोरीच्या पलीकडे, आत जंगलात बुळकांड्या आला होता. गुरांचा हा रोग तेव्हा आमच्याकडे काळासारखा यायचा. जनावराला ताप, तोंडात फोड, मग हगवण, आणि गोठे रिकामे. नाल्यापलीकडच्या गावात बैल मरायला लागले होते. अलीकडच्या कोसमटोल्याला तो पोचायच्या आत तिथल्या सगळ्या गुरांना टोचायचं, हे आमचं काम. लस कोरड्या भुकटीच्या रूपात यायची. थंड राहिली तर कामाची, गरम झाली की माती. नागपूरहून एसटीनं आलेला बर्फ संपला म्हणजे आमचं काम संपलं. नवी लस कधी येईल ते वरच्यालाच माहीत.

“साहेब, आजार नाही जी,” मी म्हणालो. “आजारी कुत्रं कुंथतं, थेंब थेंब करतं, कधी रक्तही येतं. याचं पाणी स्वच्छ आहे. हा टांग वर करतो, चार थेंब सोडतो आणि पुढं निघतो. ही त्याची निरोपानिरोपी आहे.”

“कसली निरोपानिरोपी?”

“नवा माणूस गावात आला की चावडीवर जाऊन रामराम घालतो ना, तसंच. कोण आलं होतं, नर होता की मादी, कधी गेला, हे सगळं त्याला वासात कळतं. दुसरं कुत्रं जिथं मुतून गेलं, तिथंच हा आपला जबाब ठेवतो. कोऱ्या जागेचं त्याला एवढं नाही.”

“मग यावर इलाज?”

“एक आहे. मी गोऱ्ह्याचा बैल करतो ना, तोच.”

साहेबांना क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा ते लालबुंद झाले आणि त्यांनी जिमीला उचलून पोटाशी धरलं. माझा ड्रेसर शामराव, म्हणजे दवाखान्यात जनावरं धरणारा आणि पट्ट्या बांधणारा माणूस, तोंड फिरवून खोकत राहिला. त्याला खोकला नव्हता, हे मलाही माहीत होतं.

“दुसरा इलाज वेळखाऊ आहे,” मी म्हणालो. “संध्याकाळी सांगतो. आता गाडी हाकू द्या.”

पण जिमी काही कडेवर बसून राहणारा प्राणी नव्हता. गाव दिसायला लागलं तसा साहेबांनी त्याला खाली सोडलं. गावाच्या तोंडाशी मोहाच्या मोठ्या झाडाखाली उभ्या दगडांची रांग होती. त्या बाजूच्या गोंड गावांत मेलेल्या माणसाच्या नावानं असा दगड उभा करतात. तो नुसता दगड नसतो, त्या घरचं माणूसच असतं. रांगेच्या शेवटी एक नवा दगड होता, अजून शेवाळ न धरलेला. त्याच्यापलीकडे गावचा गायता चैतू आम्हाला सामोरा आला होता. गायता म्हणजे गावचा पुजारी आणि मोठा माणूस. त्याच्या शब्दाशिवाय गावात पान हलत नसे.

मी “जोहार” म्हणायला हात जोडले आणि तेवढ्यात जिमीनं त्या नव्या दगडावर टांग वर केली.

साहेबांनी दोरीला हिसका दिला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पाणी भरून येणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. चैतू गायत्यानं जिमीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि पाठ फिरवून घराकडे निघून गेला.

आम्ही गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात उतरलो. शामरावनं आखरावर खोडा रोवला. आखर म्हणजे गावची गुरं जमवायची मोकळी जागा, आणि खोडा म्हणजे बैल अडकवायची लाकडी चौकट. सुया उकळून झाल्या. दुपार झाली. एक वासरू की कालवड, काही आलं नाही.

“पोलीस पाटलाला बोलवा,” साहेब म्हणाले. “हे सरकारी काम आहे!”

“साहेब, पोलीस पाटील आणला तर गुरं जंगलात जातील. आणि आपण बर्फाचं पाणी पीत बसू.”

मी आणि शामराव गायत्याच्या घरी गेलो. तो अंगणात पळसाच्या मुळाच्या वाखाची दोरी वळत बसला होता. पायाशी त्याचं काळं कुत्रं झोपलं होतं.

“जोहार, गायता भाऊ. ढोरं काऊन नाई आणली?”

“तो दगड माह्या मोठ्या भावाचा हाये.”

“आमाले ठाऊक नव्हतं, भाऊ.”

“नसन. कुत्र्यालेही नसन.” त्यानं दोरीला पीळ दिला. “पण दोरी तं साहेबाच्या हातात होती ना?”

मी त्याच्यासमोर खाली बसलो.

“लोकं म्हणून राह्यले का सुईनं ढोरं मरतेत,” तो पुढे म्हणाला. “मी त्याइले म्हटलं होतं, सरकारचा माणूस हाये, समजून उमजून करन. आता सांगा डागदर, ज्याले एक कुत्रं सांभाळता येत नाई, त्याच्या हाती मी गावची ढोरं कशी देऊ?”

“मंग काय करावं?”

“ज्याचं कुत्रं त्यानं दगड धुवावा. हात त्याचाच पायजे, चपराशाचा नाई. अन् सकाळी ते कुत्रं तिथूनच न्यावं, समद्या गावासमोर. टांग वर नाई झाली तं ढोरं आणतो. झाली तं आपली पेटी घेऊन जा.”

परत येताना शामराव कुजबुजला, “सर, त्या दगडाच्या बुडाशी पाह्यलं का तुमी? पिवळे डाग हायेत. गावचेच कुत्रे रोज मुतत असतीन. सांगा न त्याले!”

डाग मीही पाहिले होते. जिमीनं नेमका तो नवा दगड का निवडला, ते त्यावरून सरळ कळत होतं. पण मी म्हटलं, “चूप बस. पाहुणा म्हणून यायचं आणि घरधन्यालाच त्याच्या घरची घाण दाखवायची? तो शहाणा माणूस आहे. आज त्याला ते नको.”

आता साहेबांना सांगायचं होतं. पुण्याचा शिकलेला माणूस, हाताखाली एवढा ब्लॉक, आणि मी सांगणार की कुत्र्याचं मूत धुवा. मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि बोलणी खायला उभा राहिलो. साहेबांनी पेटीकडे पाहिलं. मग म्हणाले, “त्याचा सख्खा भाऊ?”

“हो जी.”

“बादली कुठं आहे?”

बाप रे, काय सांगू! त्यांनी बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बोडीवरून, म्हणजे गावच्या तळ्यावरून, स्वतः पाणी आणलं. शामराव बादली घ्यायला धावला तर त्याला हातानं बाजूला केलं. दगडापुढे उकिडवे बसून त्यांनी तो बुडापासून शेंड्यापर्यंत तळहातानं चोळून धुतला. मग परत बोडीवर गेले आणि पुढच्या दगडाला पाणी घातलं, मग त्याच्या पुढच्या. मी म्हटलं, “साहेब, एकच सांगितला होता.”

“एकालाच आंघोळ घालून बाकीच्यांना कोरडं ठेवायचं? बरं दिसतं का ते?”

चैतू गायता लांबून पाहत होता. मी त्या दिवशी मनातल्या मनात साहेबांच्या पाया पडलो. आजही आठवण झाली की पडतो.

दगड धुतले गेले, पण खरी परीक्षा सकाळी होती. एका संध्याकाळीत कुत्र्याची खोड मोडत नाही. ती मोडायची नसतेही. हुंगणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे, तो दाबला तर ते आणखी ओढ घेतं. साहेबांची चूक एवढीच, की जिमीला ओढायचेही तेच आणि हिसके देऊन मधेच थांबायचेही तेच. कधी हुंगायचं आणि कधी चालायचं, हे त्या बिचाऱ्याला कळणार कसं?

“दोन शब्द ठरवू,” मी म्हणालो. “‘जा’ म्हटलं की दोरी सैल. हुंगू दे, मुतू दे, मन भरू दे. ‘चल’ म्हटलं की दोरी आखूड, जिमी तुमच्या डाव्या पायाशी आणि पाऊल भरभर. वर पाहून चालला की लगेच बक्षीस.”

“बक्षीस काय द्यायचं? बिस्किटं संपली.”

शामराव कुठूनतरी मूठभर सुकट घेऊन आला. वाळवलेले बारके मासे. त्या वासानं साहेबांनी नाकाला रुमाल लावला, पण जिमीचे डोळे साहेबांच्या मुठीवरून हलेनात. मग नाल्याच्या काठानं आमची कवायत सुरू झाली. “जा!” जिमी झुडपात. “चल!” साहेब तरातरा, जिमी वर बघत शेजारी. पहिल्यांदा तो चुकला, साहेब चिडले, मी साहेबांना आवरलं. दिवे लागायच्या वेळेपर्यंत कुत्रं शिकलं. साहेबांना थोडा जास्त वेळ लागला.

सकाळी पेटी उघडली तर बर्फाचा एक लहान तुकडा उरला होता. आज नाही झालं तर नाहीच झालं.

मी साहेबांना आधी उलट्या दिशेला, नाल्याकडे पाठवलं. “‘जा’ म्हणा आणि त्याला हवं तेवढं हुंगू द्या. पोटभर जेवलेल्या माणसाला परक्याच्या ताटाची ओढ कमी असते.” तिथून परत आले तेव्हा मोहाच्या झाडाखाली अख्खं गाव जमलं होतं. बाया, म्हातारे, पोरंसोरं. चैतू गायता भावाच्या दगडाशेजारी हाताची घडी घालून उभा होता.

“दगडाच्या बाजूनं तुम्ही राहा, जिमी पलीकडे,” मी हळूच सांगितलं. “थांबायचं नाही, दगडाकडे पाहायचंही नाही.”

मला काहीच करता येत नव्हतं. मी नुसता मागून घाम पुसत चाललो. पहिला दगड गेला, दुसरा गेला. शेवटच्या दगडापाशी जिमीचं नाक वळलं, चाल मंदावली, मागचा एक पाय हलका झाला. साहेब पुणेरी स्पष्ट आवाजात म्हणाले, “चल, जिमी!” आणि मूठ त्याच्या नाकावरून पुढं नेली. जिमीनं वर पाहिलं. टांग खाली आली. तो सुकट चघळत दगड ओलांडून गेला.

माझा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात मागून गायत्याचं काळं कुत्रं दुडकत आलं. त्यानं जिमीची वाट हुंगली, त्या धुतलेल्या दगडापाशी थांबलं आणि सगळ्या गावासमोर टांग वर केली.

बायांनी तोंडाला पदर लावले. शामरावनं माझा दंड असा दाबला की वळ उठला. मी जमिनीकडे पाहत उभा राहिलो. गायता आता कुत्र्यावर भडकणार की आमच्यावर, ते समजेना.

चैतू गायता आधी कुत्र्याकडे पाहत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि तो हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मागोमाग सगळं गाव हसलं.

“डागदर,” तो डोळे पुसत म्हणाला, “तुमाले ठाऊक होतं ना?”

“होतं, भाऊ.”

“मंग बोलले काऊन नाई?”

“तुमच्या भावाचा दगड. मी काय बोलू?”

त्यानं मान हलवली. मग साहेबांकडे वळला. “आमचे कुत्रे रोज मुततेत, साहेब. आमी रोज पाह्यतो. धुतलं कोणी नाई. माह्या भावाले पयली आंघोळ तुमी घातली.” आणि पोरांना ओरडला, “पाहून काय राह्यले बे? ढोरं सोडा!”

ढोरं आली. बैल, गाई, कालवडी, शेवटी एक आंधळी म्हातारी गायसुद्धा कोणी धरून आणली. साहेब बाह्या सरसावून शिंगं धरत होते. शेवटची सुई टोचली तेव्हा पेटीत बर्फ नव्हता, पण हाताला गारवा लागत होता. त्या वर्षी बुळकांड्या नाला ओलांडून आला. शेजारच्या टोल्यांवर, म्हणजे वाड्यांवर, बैल पडले. कोसमटोल्याला नांगर चालले. मी तो सगळा पावसाळा दर बाजाराच्या दिवशी त्या गावच्या माणसाला गाठून विचारायचो, बैल हायेत ना? आणि “हायेत जी” ऐकलं की मला जेवण गोड लागायचं.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा त्या गावी गेलो. साहेबांची बदली झाली होती, जिमीही त्यांच्याबरोबर गेला होता. मोहाखालचे सगळे दगड स्वच्छ होते, बुडाशी ओल दिसत होती. आणि समोरून चैतू गायता येत होता. हातात पळसाच्या मुळाची दोरी, दोरीला काळं कुत्रं, कमरेच्या गाठीत सुकट. दगडांपाशी आला तसा त्यानं पाऊल उचललं आणि अगदी साहेबांच्या पुणेरी आवाजात म्हणाला, “चल, जिमी!”

काळ्यानं वर पाहिलं आणि निमूट चालत राहिला.

कुत्रं पाळणाऱ्यांना मी आजही एवढंच सांगतो. त्याला हुंगू द्या, मुतू द्या, पण कुठं ते तुम्ही ठरवा. आणि चुकून भलत्या जागी झालंच, तर बादली दुसऱ्याच्या हातात देऊ नका.