पाटलीणबाईंचा पाय

माझ्या आतोबांइतका भाविक माणूस ठाण्यात दुसरा झाला नाही, असे मी कोणापुढेही छातीवर हात ठेवून सांगेन. फक्त त्यांच्या देवांना शेपट्या होत्या. एवढ्यावरून कोणी त्यांना मारुतीचे भक्त समजेल, म्हणून लगेच खुलासा करतो की ते मांजरांचे भक्त होते. मारुतीला ते नमस्कार करीत, पण लांबून, कारण देवळाच्या पुजाऱ्याने कुत्रे पाळले होते. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. मिठागरांवर कारकुनी करून पेन्शनीत निघालेले, उंच, किडकिडीत, आणि मिशा अशा विरळ व ताठ, की त्यांचे मूळ गोत्र कोणते याची मला बरेच दिवस शंका होती. कचेरीत उमेदवारी करायला मी कल्याणहून ठाण्यास आलो तेव्हा त्यांच्याकडेच उतरलो. उतरलो म्हणायचे एवढेच. खरे तर मांजरांना पुरून जी जागा उरली होती तीत मला घेण्यात आले. माझ्या तोंडचे ऐकून पुढे सारी आळीच त्यांना आतोबा म्हणू लागली.

घरात मांजरे किती, असे आत्याला विचारले तर "फार" असे उत्तर येई, आणि आतोबांना विचारले तर "थोडी". या थोड्यांना त्यांनी सरकारी हुद्दे वाटून टाकले होते. दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर गुरगुरणारा तो नाझर, काही न करता सर्वांच्या आधी ताटापाशी हजर होणारा तो शिरस्तेदार, आणि सर्वांत लठ्ठ बोका तो मामलेदार. एक पिवळीधमक मांजरी साऱ्या घरातून अशी फिरे की जणू घर तिच्या वतनातले आहे. तिला पाटलीणबाई म्हणत. या मंडळींशी आतोबा अहोजाहोने बोलत. आत्याला मात्र "ए, ऐकतेस का" एवढ्यावर संसार काढावा लागला. एकदा संध्याकाळी ओटीवरून आतोबांचा आवाज खणखणला, "मामलेदार, लाज नाही वाटत तुम्हाला? भरल्या घरात चोरी करता?" दैवयोग असा, की खरे मामलेदार नेमके त्याच वेळी आमच्या दारावरून फिरायला चालले होते. ते थांबले नाहीत, रागावले नाहीत. मान खाली घालून झपाझप निघून गेले. आळीने त्यावरून जे समजायचे ते समजून घेतले.

मांजर सुखात ठेवायचे तर काय काय करावे लागते याबद्दल आतोबांचे विचार ठाम होते. दूध कोमट हवे, पण उकळून निवलेले नव्हे. दोघांना एका ताटलीत वाढू नये, त्यांच्यात भाऊबंदकी सुरू होते. मांजराच्या डोळ्यांत फार वेळ पाहू नये, त्याला तगादा वाटतो. आणि निजलेले मांजर उठवणे हे तर त्यांच्या लेखी महापाप. या शेवटच्या नियमापायी एकदा मोठा अनर्थ झाला. आतोबा सकाळी बाजारात निघाले तर पाटलीणबाई त्यांच्या पागोट्यात गोल होऊन झोपलेल्या. आतोबा तसेच बोडक्याने बाहेर पडले. त्या काळी आमच्यात शहाणासुरता माणूस भर बाजारात बोडक्याने फिरला तर त्याचा एकच अर्थ होई, घरात कोणी गेले. तळ्याच्या काठी त्यांच्या जुन्या कचेरीतले एक गृहस्थ भेटले. त्यांनी घाबरून विचारले, "अहो, हे काय? घरात काही...?" आतोबा म्हणाले, "काही नाही हो. निजली आहे ती. इतकी शांत निजलीय, की हलवावंसं वाटेना."

दुपारी आमच्या ओट्यावर गंभीर चेहऱ्यांची ही गर्दी जमली. कोणी डोळे पुसत होते, एकाने तर येताना बांबूही आणले होते. कडी वाजली म्हणून आत्या दार उघडायला गेली. पुढच्या रांगेतले दोघे तिला पाहून ओट्यावरून खाली पडले. सर्व उलगडा झाल्यावर आत्याने प्रत्येकाला गूळपाणी दिले आणि नवऱ्याशी सबंध पंधरवडा अबोला धरला. बांबू मात्र आतोबांनी ठेवून घेतले. मांजरांना चढउतार करायला त्यांचा छान माळा झाला.

आळीला सोसवेना ती गोष्ट निराळीच. मांजर आडवे गेले की पाऊल मागे घ्यायचे, घरात येऊन घटकाभर बसायचे, पाणी प्यायचे आणि मग पुन्हा निघायचे, हे आमच्याकडे लहान पोरही जाणते. आता ज्या आळीत आतोबांचा सारा दरबार दिवसभर या ओट्यावरून त्या ओट्यावर येरझारा घालतो, त्या आळीतून माणसाने बाहेर पडावे कसे? लोक पाणी पिऊन पिऊन टम्म फुगत. एका घरचे लग्नाचे वऱ्हाड मांडवात पोचले तोवर मुहूर्त टळून गेला होता. लोक तक्रार घेऊन आले की आतोबा शांतपणे म्हणत, "घरचं मांजर आडवं जात नसतं. ते पोचवायला येतं. तुम्हाला मान घेता येत नाही, त्याला ते काय करतील?"

समोरच्या घरात एक वकील राहत. त्यांना सगळे तात्या म्हणत. मनुष्य कर्मठ, सोवळ्यातला, आणि तापट असा की कोर्टात साक्षीदारापेक्षा त्यांचा पक्षकारच जास्त घाबरे. एके दिवशी त्यांचा मोठा खटला उभा राहायचा होता. ते निघाले, तो नाझर आडवा गेला. परत आले, पाणी प्याले, निघाले. शिरस्तेदार आडवा गेला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि पाटलीणबाई रस्त्याच्या मधोमध येऊन बसल्या, नुसत्या आडव्या गेल्या नाहीत. तात्यांच्या हातात वेताची जाड काठी होती. ती त्यांनी भिरकावली. पाटलीणबाईंनी जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. मागचा उजवा पाय लोंबू लागला होता.

आतोबा धावत आले. मला वाटले आता मारामारी होणार. पण त्यांनी तात्यांकडे बघितलेसुद्धा नाही. धोतराच्या सोग्यात त्यांनी तिला अलगद उचलले, ती त्यांच्या मनगटाला कडकडून चावली, आणि ते तिला म्हणाले, "चावा, चावा बाई. हक्क आहे तुमचा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. माझी थट्टा त्या दिवशी घशातच राहिली, हे कबूल करतो.

इकडे तात्यांच्या घरात निराळाच आकांत. त्यांच्या मातोश्री माजघरातून ओरडत आल्या, "अरे, हे काय करून बसलास? मांजर मेलं म्हणजे सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं!" तात्यांच्या तोंडचे पाणी पळाले. खटला तसाच टाकून ते आमच्या ओट्यावर आले आणि कसेबसे म्हणाले, "आतोबा, ते सोन्याचं मांजर... केवढं करतात हो?"

"मेलेल्याच्या वजनाचं," आतोबा म्हणाले. शास्त्रात असे कोठेही नाही. पण तात्यांनी पाटलीणबाईंच्या विस्ताराकडे एकवार पाहिले आणि ते तेथेच खाली बसले.

त्या दिवसापासून शुश्रूषा सुरू झाली. वैद्यबुवांनी मांजराला हात लावायला साफ नकार दिला, म्हणून आतोबांनी स्वतःच आत्याचे नवेकोरे सूप मोडून त्याच्या कामट्या काढल्या, जुन्या रेशमी मुकट्याची पट्टी फाडली आणि पाय सरळ करून बांधला. सूप नवे असल्याचे आत्याने तीनतीनदा सांगितले. मुकटा तिच्या वडिलांनी दिलेला असल्याचे तिला नंतर कळले. आंबेहळदीचा लेप पाटलीणबाई चाटून टाकीत, म्हणून लेपात कडुलिंब घालण्यात आला. तो चाटून त्यांनी अशी मुद्रा केली की आतोबांनी त्यांना गूळ देऊ केला. उडी मारू नये म्हणून त्यांना खोल टोपलीत ठेवले, आणि बाकीच्या दरबाराला वाईट वाटू नये म्हणून प्रत्येकाच्या धडधाकट पायांनाही पट्ट्या बांधल्या. त्या आठवड्यात आमच्या घरी आलेल्या पाहुण्याने विचारले, की ही सगळी एकदम छपरावरून पडली की काय.

तात्या सकाळ-संध्याकाळ येत. "कशी आहे प्रकृती?" असे विचारताना त्यांचा आवाज एखाद्या जावयासारखा हळुवार होई. आतोबा त्यांना पंख्याने वारा घालायला बसवीत आणि दम देत, "जोरात नको. शिंक आली तर पायाला झटका बसेल."

पण पाटलीणबाई खाईनात. दूध हुंगून तोंड फिरवीत. साय नको, तूपभात नको, शेवयांची खीर नको. अंगावरचे मांस झडले, नाक कोरडे पडले, डोळे अर्धे मिटलेले. आतोबाही जेवेनात. मी समजावायला गेलो, तर म्हणाले, "अरे, मिठागरावर मी एकटा झोपडीत राहत होतो ना, तेव्हा हिची आई माझ्या अंथरुणात व्याली होती. ही तिथली आहे. आता तिथलं एवढंच उरलंय माझ्याजवळ." एवढे बोलून ते पुन्हा टोपलीवर वाकले.

खाडीवरून मासळी घेऊन एक ख्रिस्ती कोळीण रोज ख्रिस्तीवाडीकडे जाई. आमची आळी ती मान वळवून ओलांडत असे. आतोबांनी पाटलीणबाईंची टोपली घेऊन तिला कोपऱ्यावर गाठले. तिने टोपलीत डोकावून पाहिले आणि ती कपाळाला हात लावून म्हणाली, "बामना, मांजर हाय ती, गाय नाय! दुधावर कनाला मारतंस तिला? तिला म्हावरा पायजे, म्हावरा!"

आतोबांनी हे घरी येऊन सांगितले. आत्या म्हणाली, "या घरात मासळी आली तर मी माहेरी निघून जाईन." आतोबांनी यावर थोडा विचार केला. तो थोडा विचार आत्या मरेपर्यंत विसरली नाही.

शेवटी तोड काढली ती तात्यांनी. "माझ्या परसात द्या," ते म्हणाले. त्यांच्या मातोश्रींनी कानांवर हात ठेवले, तसे तात्या वकिली आवाजात म्हणाले, "परस म्हणजे घर नव्हे! या मुद्द्यावर मी हायकोर्टापर्यंत जायला तयार आहे." मग रोज दुपारी आतोबा टोपली उचलून समोरच्या परसात नेऊन ठेवू लागले. कोळीण मागल्या कुंपणावरून केळीच्या पानातली कोळंबी आत टाके. पहिल्या दिवशी तात्यांनी नाकाला उपरणे बांधून ते पान चिमट्याने पुढे सरकवले. पाटलीणबाईंनी हुंगले, एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि पान चाटूनपुसून साफ केले. आतोबा आणि तात्या यांनी एकमेकांना मिठी मारली. त्यानंतर तात्यांनी स्नान केले, आणि मग आतोबांनीही केले.

पुढे पुढे चिमटा गेला, उपरणेही सुटले. मी एकदा मागून गेलो तर तात्या उकिडवे बसून एका निवटी मासळीचे काटे बोटांनी काढीत होते आणि पुटपुटत होते, "टोचेल हो एखादा, सावकाश खा." मला पाहून त्यांनी हात पाठीमागे लपवले. "खटल्याचा विचार करत होतो," ते म्हणाले.

पट्टी सोडायचा दिवस उजाडला. आमच्या ओट्यावर सारी आळी जमली होती. पट्टीची गाठ आतोबांनी मला सोडवायला लावली. कामट्या मात्र त्यांनी स्वतः एकेक करून काढल्या. पाटलीणबाईंना त्यांनी जमिनीवर ठेवले आणि दोन पावले मागे सरून हात पुढे केले. "या," ते म्हणाले. "या बाई." पाटलीणबाईंनी अंग ताणले. दुखरा पाय टेकला, उचलला, पुन्हा टेकला. मग त्या लंगडत, पण चारही पायांवर, पायऱ्या उतरल्या, रस्ता ओलांडला आणि तात्यांच्या ओट्यावर चढून त्यांच्या बैठकीवर जाऊन बसल्या.

तात्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यांनी धावत जाऊन तिला उचलून आणले. ती परत गेली. संध्याकाळी पुन्हा आणले. ती पुन्हा गेली. "मी बोलावली नाही हो तिला," तात्या गयावया करीत म्हणाले. "शपथेवर सांगतो. तुमचीच आहे ती." आतोबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि एवढेच सांगितले, की हिला थंडीत कानाला वारा लागलेला खपत नाही, रात्री खिडकी लावून घेत जा.

दिवेलागणीला आत्या ओट्यावर आली. मासळीचा राग तिच्या मनातून गेला नव्हता, पण आवाज मऊ होता. "एवढं केलंत तिच्यासाठी," ती म्हणाली, "आणि गेली की हो समोर."

"गेली," आतोबा म्हणाले. "पण चालत गेली ना?"

मग त्यांनी टोपली उचलून माजघरात नेली. मामलेदार तीत शिरायला आलाच होता. आतोबांनी त्याला हलकेच बाजूला केले आणि टोपली भिंतीशी पालथी घालून ठेवली. मांजराला जागा नाकारताना मी त्यांना तेवढे एकदाच पाहिले.