धक्का मारायची गाडी

माझं अक्षर वाकडं आहे आणि लिहिताना चुका होतात. चौथीनंतर शाळा सुटली, म्हणून सांभाळून घ्यावं.

आमचं घर म्हणजे जुना टेम्पो. त्यातच राहतो आणि गावोगावच्या बाजारात स्टीलची भांडी विकतो. त्याचा स्टार्टर सारखा अडायचा. चावी फिरवली की नुसता ‘कट्’ आवाज. नवरा स्टेअरिंगवर, म्हणून धक्का मागायला मीच उतरायची. परक्या माणसांशी बोलणं मला फार जड जातं. बाजारापेक्षा त्यानंच मी जास्त थकायची.

शहागडला हायवेवरच्या मिस्त्रीनं दोनदा स्टार्टर खोलला. डोळे मिटून, बॉनेटला कान लावून तो ऐकत राहायचा. तिसऱ्यांदा मात्र त्यानं पाना हातात घेतलाच नाही.

"आज नुसता बसतो. तुमचं काम चालू द्या, ताई."

मी रोजच्यासारखी आत भांडी घासली. पाणी फळीच्या फटीतून खाली गेलं, तसा तो गाडीखाली सरकला. बॅटरीची अर्थिंगची वायर जिथं चेसिसला बसते, नेमकं तिथंच ते गळत होतं. बोल्ट गंजला होता, म्हणून स्टार्टरला करंट पोचत नव्हता.

मी मान खाली घातली.

"तुमचं काय चुकलं? घरात भांडी घासावीच लागतात," तो म्हणाला. "मी गाडीच पाहत राह्यलो, घर पाह्यलंच न्हाई."

गंज घासून त्यानं वायर आवळली. गाडी लगेच सुरू झाली. मग त्यानं आधी दोनदा घेतलेले पैसे काढले.

"राहू द्या, मेहनत केली तुम्ही," नवरा म्हणाला.

"चुकीच्या जागी केली," म्हणत त्यानं सगळे पैसे मी घासलेल्या ताटात ठेवले.