समोरचा वारा

दर रविवारी कोरेगावहून वडूजच्या रस्त्यानं मी एका निवृत्त फौजीबरोबर सायकल चालवतो. चढ लागला की तो डोंगरावरच्या पवनचक्क्यांकडं बघतो. "माजल्यात आज. तू माझ्या मागनं ये रं, वारं लय हाय."

समोरचा वारा आळीपाळीनं अंगावर घ्यायचा, ही सायकलवाल्यांची रीत. खरं सांगतो, माझी पाळी मी कधीच घेतली नाही. त्याच्या रुंद पाठीआड दडून आलो. त्यानंही कधी ऐकवलं नाही.

परवा तो तापातून उठून आला होता. निम्म्या चढावर त्याला धाप लागली, तरी बाजूला होईना. मीच जोर लावून पुढं गेलो. वारा छातीवर आदळला, पण पाय थांबले नाहीत.

मागून त्याचा आवाज आला, "हळू की गड्या! म्हातारं न्यायचंय वर!"