मनकर्णाबाईंचं राहिलेलं रडणं

आमच्या पडेगावच्या सोसायटीमागं पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. तिथं मनकर्णाबाई राहतात. सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्याच घरची. नवरा लवकर गेला. मुलाला, सत्यमला, त्यांनी एकटीनं वाढवलं. दुष्काळाच्या वर्षी तो पाण्याचा टँकर चालवायचा. आमचे हंडे त्यानंच भरले.

दुपारी दोनला मनकर्णाबाई माझ्याकडे मालिका बघायला यायच्या. हसवता हसवता रडवणारी मालिका होती. एक तरुण विधवा, तिची खानावळ आणि फटकळ सासू. दहाव्याला बायका नायिकेच्या बांगड्या फोडायला येतात आणि सासू त्यांना हाकलून देते, त्या प्रसंगाला मी टाळ्या वाजवल्या. चाळीस वर्षं नाटकात काढलेली बाई मी. चांगला प्रवेश दिसला की हात थांबत नाहीत.

"ताई, पोरगा कुनाचा मेला?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"सासूचा."

"मंग ती रडती कधी?"

"अहो, बाई बाईच्या बाजूनं उभी राहिली, ते बघा ना!"

"ऱ्हाऊ द्या की उभी. पर बसून रडायला बी एखादा दिवस द्या म्हनावं तिला. रडन्याचा समदा मक्ता सुनेला, अन् हसवायला म्हातारी!"

इतकी नेमकी समीक्षा माझ्या नाटकांना कधी मिळाली नाही.

महिन्याभरात सत्यमचा टँकर घाटात उलटला. तो जागीच गेला. सून सायली तेवीस वर्षांची.

दहाव्या दिवशी मनकर्णाबाईंची थोरली जाऊ द्वारकाबाई, स्वतः विधवा, सायलीच्या बांगड्या फोडायला बसली. मनकर्णाबाईंनी जावेचं मनगट पकडलं. "नाय. माझ्या पोरीच्या हाताला हात लावायचा नाय."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वा!"

मयताच्या घरात, तरण्या पोराच्या दहाव्याला, मी दाद दिली. मागून कुणी पोरगी म्हणाली, "अगदी सिरियलवानी!" द्वारकाबाई उठल्या आणि छावणी भागातल्या आपल्या घरी निघून गेल्या. त्यांच्यामागून सगळी भावकी गेली.

आमच्या भागात भेटायला आलेली बाई गळ्यात पडून हेल काढते, गेलेल्याचं नाव घेते, मग घरच्या बाईला रडू फुटतं. भावकी पुन्हा आलीच नाही. सोसायटीतल्या बायका आल्या, खुर्च्यांवर बसून म्हणाल्या, "तुम्ही किती खंबीर!" सायलीला सगळ्यांनी जवळ घेतलं. सत्यमच्या आईच्या गळ्यात कुणी पडलं नाही.

दिवाळीनंतर सायलीला वाळूजच्या कारखान्यात काम मिळालं. मनकर्णाबाईंनीच तिला तिकडच्या खोलीवर पोचवलं. दुसऱ्या दिवशी दोनला त्या आल्या. टीव्हीवर सासू कसल्याशा विनोदावर हसत होती.

"बंद करा," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला, पण रडू फुटेना. मी त्यांना मिठी मारली आणि रडले. पाणी लगेच आलं, आवाजही लागला.

त्यांनी मला हळूच दूर केलं. "तुमी नका रडू, ताई. तुमाला लई चांगलं येतं."

त्याच संध्याकाळी रिक्षा करून मी छावणी गाठली. द्वारकाबाई दारातच म्हणाल्या, "का? टाळ्या वाजवायला मानसं कमी पडली व्हय?"

"चूक माझी होती. तिची शिक्षा मनकर्णाबाईंना नका देऊ. सहा महिने झाले, त्या रडलेल्या नाहीत."

"एकदाबी नाय?"

"नाही."

त्यांनी चपला घातल्या.

पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच त्यांनी हेल काढला, "सत्यमा रं, माझ्या वाघा..." मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. जाऊ त्यांच्या गळ्यात पडली, तेव्हा जो आवाज निघाला तो मी कुठल्याच रंगमंचावर ऐकला नव्हता. फाटका, बेसूर, मध्येच श्वास तुटणारा.

रडता रडता द्वारकाबाई म्हणाल्या, "बांगड्यांचं चुकलंच तुझं, मनकर्णे."

"नाय चुकलं, आक्का," हुंदक्यातून उत्तर आलं, आणि दोघी पुन्हा रडायला लागल्या.

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.